पाचपैकी पाच

नव्या लॅपटॉपवरची पातळ फिल्म सोलताना
खपली काढल्यासारखा आवाज आला.
बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, रात्रीचे साडेनऊ.
खाली एक कुत्रं,
आणि गोदीकडून डिझेलचा, ओल्या दोरखंडांचा वास.

बिलं, बॉन्ड, कस्टमची चलनं,
सगळं आता ढगात असतं, असं शेठ सांगतात
आणि सांगताना पंख्याकडे बोट दाखवतात.
त्या ढगाला एक पहारेकरी आहे.
नवं यंत्र आलं की आधी त्याच्यापुढे उभं करायचं:
नाव सांग, नंबर सांग,
कुणाच्या हाताखाली राहणार ते सांग.
मग माझ्या फोनवर सहा आकडे येतात,
तीस सेकंदांचं आयुष्य घेऊन.
पहिले, चष्मा सापडेपर्यंत मेले.
दुसरे मी मोठ्याने वाचले
रिकाम्या ऑफिसात,
हजेरी घेतल्यासारखे.

तरी तो म्हणाला: जागा नाही.
पाचपैकी पाच भरल्या आहेत. एक काढा.

यादी उघडली.
शेठ. शेठचा मुलगा. हिशेब-टेबल. माझा फोन.
आणि तळाशी, राखाडी ठिपक्याचं: कुंदा-०३.

कुंदा सामंत, चौतीस वर्षं टायपिंग,
कळफलकाकडे न बघता आपल्याला रागे भरणारी.
ती गेली निवृत्त होऊन, मागोमाग तिचं यंत्र.
भंगाराच्या वहीत माझंच अक्षर आहे:
एक नग, आठशे रुपये, घेणार धाकू घाडी, शिपाई.
फायली पुसल्या होत्या मी,
पहारेकऱ्याला उठवायचं राहिलं.

शेवटचं दिसलं: चारशे बारा दिवसांपूर्वी.
काढून टाकायला बोट नेलं
आणि ठिपका हिरवा झाला.

शेवटचं दिसलं: आत्ता.

जोडणी: दुर्वाचा हॉटस्पॉट.
ठिकाण: मुंबई. याहून जास्त त्याला कळत नाही.
मला कळतं. शिवडी, कोळसा बंदराच्या अलीकडे,
एक खोली, माळ्यावर अभ्यास.

मी बघत बसले. पाळतच म्हणा.
नऊ बावन्न, एक फाईल अडवली.
नाव: बारावी गणित हमखास प्रश्न.
पोटात: सगळ्याला कुलूप ठोकून खंडणी मागणारं काहीतरी.
नऊ त्रेपन्न, तीच फाईल, पुन्हा अडवली.
नऊ पंचावन्न, पुन्हा.
पोरगी चिवट आहे.
नऊ अठ्ठावन्नला सोडलं तिने.
हिरवा ठिपका मात्र जागा राहिला.

नियम असा, की कंपनीबाहेरचं यंत्र
दिसताक्षणी तोडावं.
नियम मीच लिहिलाय, भिंतीवर आहे,
शिक्क्यासकट.

मी माझा फोन काढला.
हे उपकरण आता असुरक्षित आहे, तो म्हणाला.
असू दे. आहे काय त्यात?
बहिणीचे सुप्रभात, गुडघ्याचे एक्स-रे,
आणि गॅस सिलिंडरचे जुने मेसेज.
नव्या यंत्राला नाव दिलं, टेबल-सहा.
सोमवारी येणाऱ्या मुलाचं नाव
मला अजून पाठ नाही.

सकाळी धाकूने चहा ठेवला आणि हलेना.
"मॅडम, काल त्या डब्यार लाल पाटी इली. तीनदा.
चेडू घाबारला. आत कोण आसा काय?"
"राखणदार," मी म्हटलं,
आणि जीभ चावली.
घाडीसमोर हा शब्द असा सहज टाकायचा नसतो.
गावी ह्याचा बाप
वेशीवर उभा राहून त्यालाच गाऱ्हाणं घालतो.

धाकूने हसण्यावारी नेलं नाही.
ट्रे काखेत धरून नीट विचार केला.
"मगे तेका काय देवचा लागता?
आमच्याकडे वर्साक एक कोंबो."
"वर्गणी. डॉलरात."
"कोण भरता?"

शेठच्या केबिनचं दार बंद होतं,
आत एसी घुरघुरत होता.
"माझ्या भाचीची गणिताची पुस्तकं पडून आहेत," मी म्हटलं,
"बारावीची. उद्या आणते.
फाईल म्हणावं उघडू नकोस."